निकमबाईंचं लिलावातलं घर

निकमबाईंना कुणाची ओळख करून दिली की त्या नाव नंतर विचारायच्या. आधी म्हणायच्या, "चतुःसीमा सांगा." खरेदीखतात मिळकतीचं वर्णन लिहिताना तिच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दक्षिणेला कुणाची भिंत आणि उत्तरेला कुठला रस्ता, हे लिहावं लागतं. त्याला चतुःसीमा म्हणतात. बाईंनी तीस-बत्तीस वर्षं नाशिकच्या कोर्टाबाहेर एका टेबलाशी बसून लोकांची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती. त्यामुळे माणूससुद्धा त्यांना तसाच कळायचा. माझ्या लग्नाचं चाललं होतं तेव्हा मी त्यांना मुलाचा फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला न पाहिल्यासारखा केला. "नाक-डोळे ठीक आहेत. शेजारी कोण राहतं? भावाशी पटतं का याचं? गल्लीत याला कोण कोण हाक मारतं?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. "मग वर्णन अपुरं आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद मशीनमध्ये सरकवला. मी चौकशी केली, त्याच मुलाशी लग्न केलं, बरं झालं. पण ती वेगळी गोष्ट.

आमची पहिली भेट मात्र माझ्या चुकीमुळे झाली. वकिलीची सनद मिळून मला जेमतेम महिना झाला होता. माझ्या वरिष्ठांनी सांगितलेला मसुदा मी हाताने लिहून टायपिंगला दिला. अर्ध्या तासाने बाईंनी निरोप पाठवला म्हणून गेले. बारीक अंगाची, पन्नाशीची बाई, चष्म्याला काळा दोरा, मांडीवर डबा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चावत त्या म्हणाल्या, "वकीलबाई, तुमच्या प्लॉटला दोन पूर्व आहेत. सूर्य कोणत्या बाजूने काढायचा तेवढं सांगा." शेजारच्या चार टेबलांवरचे टायपिस्ट हसले. मी लाजेने लाल झाले. बाई हसल्या नाहीत. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून माझा एकही मसुदा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय वरिष्ठांपुढे गेला नाही. लोकांसमोर त्या मला "वकीलबाई, तुम्ही" म्हणायच्या आणि दोघीच असलो की "अश्विनी, ऐक."

बाई मूळच्या नामपूरच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या आणि मुलगी सहा वर्षांची असताना नवरा गेला. टायपिंगची परीक्षा लग्नाआधी दिली होती, तीच कामाला आली. भाषा त्यांनी कोर्टातल्या माणसांसारखी करून घेतली होती, पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की आतून अहिराणी वर यायची. टाइपरायटर जाऊन संगणक आला तेव्हा आसपासच्या काहींनी टेबल गुंडाळलं. बाईंनी मुलीकडून सगळं शिकून घेतलं. "अक्षरं तीच आहेत, नुसत्या जागा बदलल्या," एवढंच त्या त्याबद्दल बोलल्या. मुलगी सुवर्णा पुढे लग्न होऊन सुरतला गेली आणि बाई पंचवटीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. हजारो माणसांची घरं त्यांच्या बोटांखालून गेली होती. त्यांच्या स्वतःच्या नावावर एक वीटही नव्हती.

एके दिवशी दुपारी त्या वर्तमानपत्र घेऊन माझ्या ऑफिसात आल्या. एका जाहिरातीभोवती लाल शाईने गोल केला होता. कर्ज फिटलं नाही म्हणून एका बँकेने ताब्यात घेतलेलं पाथर्डी फाट्याकडचं रो-हाउस ई-लिलावाने विकायचं होतं. खाली नेहमीची ओळ होती: 'जसे आहे, जिथे आहे, जे काही आहे, या तत्त्वावर.'

"याच्याइतकं खरं वाक्य मी कुठल्या खतात टाइप केलं नाही," बाई म्हणाल्या. "लग्नपत्रिकेत छापायला पाहिजे."

"तुम्हाला राहायला घ्यायचंय?"

"राहायला पंचवटी आहे की. हे भाड्याने द्यायला. सरकारी नोकराला पेन्शन असतं, तुला अशिलं आहेत. माझी बोटं थांबली की चूल थांबली. मला दर महिन्याला भाडं देणारी चार भिंतींची वस्तू पाहिजे."

पैसे कुठून आणणार, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. नामपूरच्या भावाने वडिलांच्या जमिनीतला त्यांचा हिस्सा न मागता दिला होता. इतक्या बहिणींची हक्कसोडपत्रं टाइप केलेल्या बाईला याचं केवढं अप्रूप असेल, ते मी समजू शकत होते. त्यात त्यांची स्वतःची शिल्लक. बाजारभावाने त्यात धड एक खोली आली नसती. लिलावातलं घर कदाचित बसलं असतं. आणि या घराचा एक लिलाव आधीच वाया गेला होता, एकही बोली आली नव्हती. बँकेने किंमत उतरवून दुसऱ्यांदा जाहिरात दिली होती.

"कुणी का घेतलं नाही?" मी विचारलं.

"तेच शोधायचंय."

पुढचे दोन आठवडे बाईंनी जे केलं ते मी नंतर कुठल्याही अशिलाला करताना पाहिलं नाही. बँकेने घर आतून पाहायला एक दिवस, एक तास ठेवला होता. बाई त्याच्या आधी तीनदा जाऊन आल्या. सकाळी पाणी यायच्या वेळेला, दुपारी, आणि संध्याकाळी पोरं खेळायला बाहेर पडतात तेव्हा. एकदा मी स्कूटरवर सोबत गेले. समोरच्या दुकानातून त्यांनी कोथिंबिरीची जुडी घेतली आणि ती निवडत तिथल्याच बाकावर तासभर बसल्या. तेवढ्यात गल्लीतल्या पाच बायकांशी ओळख झाली. पाण्याला दाब किती, कचऱ्याची गाडी कधी येते, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी किती चढतं, सगळं कळलं. महापालिकेत जाऊन घरपट्टी, पाणीपट्टी किती थकली आहे ते लिहून आणलं. "माणूस घर सोडून जातो, थकबाकी नाही जात," त्या म्हणाल्या. मी दुय्यम निबंधकांकडे जुने दस्त तपासले. घराचे कागद स्वच्छ होते, कुणाचा वाद नव्हता, ताबाही बँकेकडे प्रत्यक्ष होता, नुसता कागदावरचा नव्हता.

अडचण होती ती वेगळीच. गल्लीतली एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, तळतळाटाचं घर आहे. भरल्या घरातून उठून गेली बिचारी माणसं. असलं घर लाभत नाही."

जुने मालक खैरनार म्हणून होते. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं धातूला रंग चढवण्याचं, पावडर कोटिंगचं छोटं वर्कशॉप होतं. मोठं गिऱ्हाईक बुडालं, मागोमाग हेही बुडाले. आता पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला आहेत, एवढं शेजाऱ्यांना माहीत होतं.

याच सुमारास देवरे नावाचा एक दलाल आमच्या आसपास घोटाळू लागला. बँकांच्या लिलावांत लोकांना घरं मिळवून देण्याचा त्याचा धंदा. त्याने बाईंना समजावलं, "मावशी, या वेळी बोली लावूच नका. कुणीच लावणार नाही. बँक तिसऱ्यांदा अजून उतरेल, तेव्हा मी तुम्हाला अलगद काढून देतो." मला त्याचं म्हणणं पटलं. मी बाईंना तसं सांगितलंही. वकील म्हणून तोच शहाणपणाचा सल्ला होता.

"बघू," बाई म्हणाल्या. "अजून एक चौकशी राहिलीय. रविवारी पिंपळगावला जाऊ."

"बाई, जुन्या मालकाला भेटायची कायद्याने काही गरज नाही. उलट ते भांडतील."

"भांडले तर ऐकून घेऊ. त्या माणसाच्या तोंडावर 'नको' दिसलं तर मला ते घर नको. उगाच आयुष्यभर मनात कुरकुर कशाला?"

द्राक्षांचा हंगाम होता. हायवेला पिंपळगाव जवळ आलं तसे क्रेटांनी भरलेले टेम्पो बसच्या पुढे-मागे दिसायला लागले. विचारत विचारत आम्ही कोल्ड स्टोरेजच्या मागच्या दोन खोल्यांपाशी पोचलो. दारात एक तरुण बाई उभी राहिली, रोहिणी, खैरनारांची बायको. आम्ही नाशिकहून घराच्या कामासाठी आलोय म्हटल्यावर तिचा चेहरा बंद झाला. तिने आम्हाला आत बोलावलं नाही. तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "दोन बाया येल शेतस. बँकना वाटतस."

अहिराणी कानावर पडताच निकमबाई एकदम खुलल्या. "बँकना नही वं माय. मी नामपूरनी शे. तू कोनता गावनी?"

रोहिणी बघतच राहिली. मग म्हणाली, "ताहाराबादनी." आणि दारातून बाजूला झाली. "बठा नं."

पुढची पाच मिनिटं मला काहीच काम नव्हतं. नामपूर आणि ताहाराबादमधली कोण कोण माणसं दोघींच्या ओळखीची निघतात, ते ऐकत मी बसले. तेवढ्यात खैरनार आले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि या माणसाच्या अंगात जाड स्वेटर, गळ्यात मफलर. थंड खोलीतून तसेच उठून आले होते. ते चटईवर बसले आणि बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "तुमचं घर मी लिलावात घ्यायचा विचार करतेय. भाड्याने द्यायला. तुम्हाला विचारायला आले."

खैरनारांनी मफलरच्या टोकाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "मला विचारून काय होणार, मावशी? घर बँकेचं आहे."

"कागदावर. तुमच्या मनात काय आहे ते सांगा. मला कुणाचा तळतळाट विकत घ्यायचा नाही."

ते हसायला लागले. वाईट हसणं नव्हतं ते. गळ्यातला मफलर काढत म्हणाले, "अहो, मी रोज वाट बघतोय कुणीतरी घ्यावं म्हणून. मागच्या वेळी कुणी आलं नाही. बँकेने किंमत उतरवली. आता परत कुणी आलं नाही तर अजून उतरेल. घर विकून जेवढं येईल तेवढंच माझ्या कर्जातून जाणार, बाकीचं माझ्या डोक्यावर तसंच राहणार. लोक म्हणतात घेणाऱ्याला तळतळाट लागेल. माझा तळतळाट लागायचाच असेल तर न घेणाऱ्याला लागेल."

मी माझ्या पायांकडे बघत बसले. थांबा, किंमत अजून उतरू द्या, असं मी बाईंना सांगितलं होतं. तो सल्ला कुणाच्या मुळावर येतो, ते मला कायद्याची पदवी असूनही दिसलं नव्हतं.

"घर चांगलं आहे, मावशी," रोहिणी म्हणाली. "आमचा धंदा वाईट निघाला, त्यात घराचा काय दोष?" आणि मग तिने, कुणी न विचारता, घराची सगळी दुखणी सांगायला सुरुवात केली. वरच्या खोलीची मागची भिंत श्रावणात ओल धरते. जिन्याची चौथी पायरी जरा उंच झालीय, नवा माणूस ठेचकाळतो. बाथरूमचा नळ उलटा फिरतो, बंद करताना उघडतो. गॅलरीला जाळी लावा, नाहीतर कबुतरं घर करतील. मधेच खैरनार वायरिंगबद्दल काही सांगत होते आणि ती त्यांना थांबवून म्हणत होती, "तसं नाही, तो मागचा बोर्ड." दोघं मनाने त्या घरात हिंडत होते. बाई वहीत सगळं लिहून घेत होत्या. "चहा ल्या," रोहिणी म्हणाली तेव्हा कप गार होऊन गेले होते.

येताना बसमध्ये बाई वहीतली यादी पुन्हा वाचत होत्या. ओझरच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, "देवरे म्हणतो थांबा. थांबले तर मला स्वस्त पडतं. ते स्वस्त कुणाच्या खिशातून येतं ते आज बघितलं."

"बाई, तुम्ही म्हातारपणाची सोय करताय. दानधर्म नाही."

"दान कोण करतंय? माझ्याकडे दान करायला आहे काय? वाजवी किंमत देईन, म्हणतेय. खतात किंमत कमी दाखवणारे लोक मी खूप बघितलेत, अश्विनी. टाइप मीच करायचे. तिथं आलं की हात अडखळायचा."

लिलाव माझ्या ऑफिसातल्या संगणकावरून करायचा ठरला. सकाळी अकराची वेळ होती. बाई साडेनऊलाच हजर. ठेवणीतली हिरवी साडी, केसांत अबोली. त्यांनी माझ्या हातात एक बंद पाकीट दिलं. आत त्यांची शेवटची मर्यादा लिहिली होती. "याच्या वर मी जायला लागले तर माझा हात धर. लिलावात माणसाला चढते, असं मी ऐकलंय."

पहिला तास काहीच झालं नाही. बाईंनी सुरुवातीलाच एक बोली लावून ठेवली होती आणि पडद्यावर ती एकटीच होती. मला वाटलं, संपलं, मिळालं. शेवटची दहा मिनिटं राहिली आणि दुसरी बोली आली. कोण आहे ते दिसत नाही, नुसता आकडा दिसतो. बाईंनी एक पायरी, म्हणजे बँकेने ठरवून दिलेली वाढ, चढवली. त्याने चढवली. शेवटच्या क्षणी बोली आली की पाच मिनिटं वाढून मिळतात, तशी ती वाढत गेली. माझा चहावाला कप घ्यायला आला तो दारातच उभा राहिला. बाई मात्र टायपिंगला बसतात तशा ताठ बसल्या होत्या. बोटं कुठंही घाई करत नव्हती.

मग त्या थांबल्या. मी पाकीट उघडलं. त्यांची मर्यादा आली होती आणि समोरचा तिच्यावर एक पायरी होता.

"बाई, बस," मी म्हटलं आणि सांगितल्याप्रमाणे त्यांचा हात धरला.

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. घड्याळ मागे धावत होतं. "अश्विनी, ती चिठ्ठी म्हणजे मसुदा आहे. मसुद्यात दुरुस्ती करता येते. सही झाल्यावर करता येत नाही."

"आणि भाड्याचं गणित?"

"दोन महिन्यांचं भाडं जास्त जाईल. मी दोन महिने जास्त जगेन. हात सोड."

मी हात सोडला. त्यांनी एक पायरी चढवली. आम्ही पाच मिनिटं पडद्याकडे बघत बसलो. समोरून काही आलं नाही. आकडा गोठला, खाली लिहून आलं की लिलाव बंद झाला आहे.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता तुमचं."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा पडद्यासमोर बसल्या. पडद्यावर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "हाई घर मन्हं शे." मला नाही, त्या संगणकालाच सांगत होत्या. मग त्यांनी कोर्टाबाहेरच्या सगळ्या टेबलांना मिसळ सांगितली. चहावाल्यालाही बसवून खाऊ घातली.

तो दुसरा बोलीवाला कोण होता, ते आठवड्याने कळलं. देवरेचंच गिऱ्हाईक. आम्हाला थांबवून तो ते घर खालच्या किमतीत त्या गिऱ्हाइकाला काढून देणार होता. कोर्टाच्या फाटकात समोर आला तेव्हा त्याने तोंड फिरवलं. बाईंनीच हाक मारली, "अहो देवरे, या, चहा घेऊ. तुमच्यामुळे घर जरा महाग पडलं, पण एका माणसाचं भलं झालं." तो बिचारा चहा पिऊन गेला.

सगळे पैसे भरून विक्रीचं प्रमाणपत्र हातात पडलं आणि बँकेच्या अधिकाऱ्याने दाराचं सील तोडलं. आत पाऊल टाकलं तर पंचवीस-तीस कबुतरं एकदम उडाली. बँकेच्या पाहणीनंतर कधीतरी गॅलरीची काच फुटली होती. हॉलपासून वरच्या खोलीपर्यंत पिसं, काड्या, विष्ठा. मी नाकाला रुमाल लावून दारातच थांबले. बाई आत गेल्या आणि मिनिटभराने आतून त्यांचं हसू ऐकू आलं. बाथरूममध्ये नळापाशी उभ्या होत्या. नळ उलटाच फिरत होता. "काही खोटं नाही सांगितलं बिचारीने," त्या म्हणाल्या. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका झाडू, बादल्या घेऊन आल्या. तळतळाटाची भीती घातलेली ती बाई सगळ्यांत पुढे. कबुतरांना गॅलरीबाहेर काढायला तिचा नवरा लांब बांबू घेऊन आला आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर ठेचकाळला. बाईंनी आधी सांगितलं होतं, त्याने ऐकलं नव्हतं.

भाडेकरू निवडायलाही त्यांनी महिना घेतला. शेवटी एका दवाखान्यातल्या तीन नर्स ठरल्या. भाडेकरार बाईंनी स्वतः टाइप केला, मला नुसता वाचायला दिला. त्यात एक कलम होतं: 'भाडेकरूस भिंतींवर आवश्यक तेवढे खिळे ठोकण्यास मालकाची हरकत नाही.'

"हे कशाला?" मी विचारलं.

"पंचवटीत अठ्ठावीस वर्षं कॅलेंडर मी खिडकीच्या गजाला टांगतेय. मालक खिळा ठोकू देत नाही. या पोरींना वाटेल तिथे टांगू दे."

पंचवटीच्या खोल्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. पाथर्डी फाट्यावरून भाडं घ्यायच्या, त्यातलं थोडं पंचवटीत द्यायच्या. "मी मालकीण पण आहे, भाडेकरू पण आहे," त्या सांगायच्या. "दोन्ही बाजूंनी भांडता येतं." खरं तर एकाही बाजूने त्या भांडायच्या नाहीत. नर्सांचा पाण्याचा पंप बिघडला तेव्हा प्लंबर मिळेना, तर हा सत्तावन्न वर्षांचा जीव पदर खोचून मोटारीत पाणी ओतत बसला होता.

विक्रीच्या पैशांतून बँकेचं सगळं देणं फिटलं आणि वर थोडं उरलं. ते खैरनारांना परत मिळायला हवं होतं. त्यासाठीचा अर्ज बाईंनी टाइप केला, त्यांची सही घेतली, तीनदा बँकेत जाऊन बसल्या. रक्कम फार मोठी नव्हती. पण डोक्यावर कर्ज असणं आणि हातात चेक असणं, यात फरक आहे. चेक मिळाला त्या आठवड्यात नवरा-बायको द्राक्षांची पेटी घेऊन थेट पाथर्डी फाट्यावर आले. मी होते तिथे. रोहिणी उंबऱ्याशी अडखळली, आत यावं की नाही अशी. बाई म्हणाल्या, "ये वं. पाहुणी म्हणून ये, त्यात कमी काय आहे?" ती आत आली. भिंतीभर खिळे, खिळ्यांना नर्सांचे एप्रन, पिशव्या, एक देवाचं कॅलेंडर, दिव्यांची माळ. तिने सगळीकडे बघितलं आणि मग एका मुलीला हात धरून बाथरूमकडे नेलं. आतून तिचा आवाज येत होता, "डावीकडे नाही, उजवीकडे. असं. जोर लावू नको." खैरनार बाहेर पायरीवर बसून शेजाऱ्याशी द्राक्षांच्या भावाबद्दल बोलत होते. त्यांच्या अंगात तेव्हा स्वेटर नव्हता.

नंतर बाईंचे गुडघे धरायला लागले. सुवर्णाला बाळ झालं, तिने आग्रह धरला आणि बाई सुरतला जायला तयार झाल्या. जाण्यापूर्वी घराची देखरेख माझ्याकडे द्यायची म्हणून त्यांनी मुखत्यारपत्र तयार केलं, अर्थात स्वतः टाइप करून. भाडं वसूल करणे, पावती देणे, दुरुस्त्या करणे, घरपट्टी भरणे, अशी नेहमीची कलमं होती. शेवटी एक जास्तीचं होतं: 'मुखत्याराने महिन्यातून एकदा सदर मिळकतीत जाऊन भाडेकरूंसोबत चहा घ्यावा.' नोटरी वाचता वाचता थांबले. त्यांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं.

"हे ठेवायचं आहे?"

"ठेवायचं आहे," बाई म्हणाल्या. "तेच मुख्य आहे."

त्या सुरतला दोन वर्षं होत्या. नातीला पहिले शब्द अहिराणीत शिकवले, सुवर्णाच्या सोसायटीतल्या लोकांचे अर्ज मोफत टाइप करून दिले. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. सुवर्णाने फोनवर सांगितलं की आदल्या दिवशी संध्याकाळी कुणाचा तरी भाडेकरार तपासत होत्या आणि त्यातली एक चूक काढून खूश झाल्या होत्या.

मुखत्यारपत्र देणारा माणूस गेला की ते तिथेच संपतं, हे मला ठाऊक आहे. घर आता सुवर्णाच्या नावावर लागलं, भाडं सरळ तिच्या खात्यावर जातं. नर्ससुद्धा बदलल्या. पहिल्या तिघींपैकी आता एकच तिथे आहे, बाकी दोघी नव्या, त्यांनी बाईंना पाहिलेलं नाही. तरी महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्कूटर काढते आणि पाथर्डी फाट्याला जाते. मुली चहा टाकतात. कधी एखादीची रात्रपाळी झालेली असते, ती डोळे चोळत येऊन बसते. मी कुठल्या अधिकाराने येते, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.